एक जानेवारीची यादी

दर वर्षी 1 जानेवारीला दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी एक छोटीशी सरकारी देवघेव होते. दोन्हीकडचे परराष्ट्र खात्याचे अधिकारी समोरच्या देशाच्या उच्चायुक्तालयातल्या माणसाच्या हाती एक यादी ठेवतात. तिच्यात आपापल्या देशातली अणुकेंद्रं असतात: वीज तयार करणाऱ्या अणुभट्ट्या, संशोधनाच्या भट्ट्या, इंधनाचे आणि युरेनियम समृद्ध करण्याचे कारखाने. प्रत्येकाचे अक्षांश-रेखांशही असतात. बॉम्ब टाकायचाच झाला तर नेमका कुठे टाकावा, ही माहिती आपण आपल्या हातांनी शेजाऱ्याला देतो, ती त्याने तिथे बॉम्ब टाकू नये म्हणून. ट्रॉम्बे आणि तारापूर आपल्याच राज्यात आहेत, तेव्हा या कागदाशी आपलं नातं काही दूरचं नाही.

हा करार 31 डिसेंबर 1988 रोजी इस्लामाबादला झाला, 27 जानेवारी 1991 पासून लागू झाला, आणि पहिल्या याद्या 1 जानेवारी 1992 ला दिल्या-घेतल्या गेल्या. त्यानंतर कारगिल झालं. संसदेवरच्या हल्ल्यानंतर दोन्ही सैन्यं सीमेवर समोरासमोर उभी होती, तेव्हाही 1 जानेवारी 2002 ला यादी गेली. बालाकोटनंतरच्या जानेवारीतही गेली. त्याच दिवशी दुसरीही एक यादी जाते, एकमेकांच्या तुरुंगांत असलेल्या कैद्यांची आणि मच्छीमारांची. पालघर-डहाणूकडच्या खलाशांच्या घरी तिची वाट किती आतुरतेने पाहतात, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको.

अणुकेंद्रांची यादी पूर्ण आहे की नाही, हे तपासायची सोय करारात नाही. तरीही मला हा कागद महत्त्वाचा वाटतो. युद्ध कशाने होतं आणि कशाने टळतं, याबद्दल आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासाने जे काही कमावलं आहे, त्यातलं बरंचसं या एका कागदात दिसतं. उरलेलं या कागदात जे नाही त्यात दिसतं.

सुरुवात कौटिल्यापासून करायला हवी. मंडल सिद्धांतामुळे तो आपल्याकडे 'शेजारी तो शत्रू, शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र' एवढ्यावर आटोपला जातो. परराष्ट्र धोरणाचे जे सहा मार्ग, म्हणजे गुण, त्याने सांगितले, त्यांपैकी संधी (तह) आणि विग्रह (युद्ध) यांची तुलना मात्र सावकाश वाचावी अशी आहे. संधी आणि विग्रह दोन्हींतून सारखीच वृद्धी होणार असेल तर संधी करावी, असं तो सांगतो आणि कारणही देतो: विग्रहात क्षय, व्यय, प्रवास आणि प्रत्यवाय असतात. माणसं मरतात, पैसा जातो, घरापासून दूर राहावं लागतं, वर दोष पदरी पडतो. या चार शब्दांत दयेचा उल्लेख नाही. हा हिशेब आहे.

अमेरिकी अभ्यासक जेम्स फिअरन यांनी 1995 मध्ये याच हिशेबाला गणिताचं रूप दिलं आणि तिथून एक अडचणीचा प्रश्न उभा केला. समजा, एका दरीची किंमत शंभर आहे. लढाई झाली तर पहिला देश जिंकण्याची शक्यता साठ टक्के, दुसऱ्याची चाळीस. लढाईचा खर्च प्रत्येकी दहा. मग लढून पहिल्याच्या हाती सरासरी पन्नास लागणार आणि दुसऱ्याच्या हाती तीस. म्हणजे न लढता केलेल्या ज्या वाटणीत पहिल्याला पन्नास ते सत्तरच्या मधलं काहीही मिळेल, ती दोघांनाही लढाईपेक्षा फायद्याची. तडजोडीची ही पट्टी वीस रुंद आहे, दोघांच्या खर्चाच्या बेरजेइतकी. युद्ध जितकं महाग, तितकी ती रुंद होत जाते. मग अशी पट्टी कायम हाताशी असताना माणसं का लढतात?

एक कारण असं, की दोघांचे अंदाज जुळत नाहीत. दोघांनाही वाटत असेल की आपण सत्तर टक्के जिंकणार, तर खर्च वजा जाता दोघेही साठ मागतील. साठ आणि साठ एकशे वीस, आणि दरी तर शंभराचीच. पट्टीच नाहीशी झाली. 'मग खरं बळ एकमेकांना सांगून टाका' म्हणणं सोपं आहे. पण वाटाघाटीत आपलं बळ फुगवून सांगण्यात प्रत्येकाचा फायदा असतो, म्हणून खरं बोलणाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

दुसरं कारण जास्त खोलवरचं आहे. आजची वाटणी दोघांना पटली, तरी उद्या बळ वाढल्यावर समोरचा ती मोडणार नाही, याची हमी कोण देणार? देशांच्या वर न्यायालय नाही, पोलीस नाही. प्रत्येक देश शेवटी स्वतःच्याच बळावर विसंबतो असं मानणाऱ्या वास्तववादी विचारसरणीचा सगळा डोलारा याच एका वाक्यावर उभा आहे.

कौटिल्याला हे दुखणंही माहीत होतं. त्याच्या आधीचे आचार्य म्हणत, शब्द किंवा शपथ देऊन केलेला संधी चल, म्हणजे डळमळीत. जामीन किंवा ओलीस देऊन केलेला तो स्थावर. कौटिल्य म्हणतो, तसं नाही. शब्द आणि शपथ इहलोकी आणि परलोकी दोन्हीकडे बांधतात. जामीन आणि ओलीस फक्त इथल्यापुरते, आणि तेही बळावर अवलंबून. या वादात कौटिल्याच्या बाजूने उभं राहणं मला जमत नाही. परलोकाचं भय राज्यकर्त्यांच्या मनातून गेल्यावर आचार्यांचीच बाजू जड होते. पण प्रश्न दोघांनी अचूक पकडला होता: करार कशावर टेकवायचा?

1914 चा जुलै महिना पाहिला की हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. 28 जूनला सारायेव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, आणि ऑस्ट्रियाने त्याचा दोष सर्बियाला दिला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचा शब्द दिला. 23 जुलैच्या संध्याकाळी ऑस्ट्रियाने सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांचा निर्वाणीचा खलिता दिला. सर्बियाने जवळजवळ सगळ्या मागण्या मान्य केल्या. ते उत्तर 28 जुलैला सकाळी वाचून युद्धाचं कारणच उरलं नाही, असा शेरा खुद्द जर्मन सम्राटाने मारला. आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं.

पुढचे चार दिवस म्हणजे वेळापत्रकाची हकिगत आहे. सर्बियाचा पाठीराखा रशिया अवाढव्य, रेल्वे विरळ, म्हणून त्याला सैन्य जमवायला कित्येक आठवडे लागणार. त्यामुळे लवकर सुरुवात करणं त्याच्या दृष्टीने निव्वळ सावधगिरी. जर्मनीची योजना नेमकी या उशिरावर बेतलेली होती: सुमारे सहा आठवड्यांत रशियाच्या मित्राला, फ्रान्सला, हरवायचं आणि मग आगगाड्यांनी सैन्य पूर्वेकडे न्यायचं. रशियाने एक दिवस आधी सुरुवात केली की जर्मनीच्या हातातला एक दिवस जातो. त्यातून जर्मन योजनेत सैन्य जमवणं आणि सीमा ओलांडणं यांत अंतरच ठेवलं नव्हतं. फ्रान्सच्या वाटेवरचा, बेल्जियममधला लिएजचा किल्ला पहिल्या काही दिवसांतच पडायला हवा होता. इतर देशांत जमवाजमव म्हणजे इशारा होता; जर्मनीत ती लढाईच होती.

29 जुलैच्या रात्री जर्मन सम्राटाची तार वाचून रशियाच्या सम्राटाने, झारने, सर्वंकष जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला. थोडी जमव सीमेच्या एका बाजूला करता येईल, असं त्याला वाटत होतं. सेनापती म्हणाले, अर्धवट जमव केली तर पूर्ण जमवीचं वेळापत्रक कोलमडेल. 30 जुलैला दुपारी त्याने पुन्हा हुकूम दिला. 1 ऑगस्टला जर्मन सम्राटाला वाटलं, ब्रिटन आणि फ्रान्स बाजूला राहणार असतील तर सगळं सैन्य पूर्वेकडे वळवावं. त्याचा सेनापती मोल्टके म्हणाला, ते शक्य नाही. दोन्ही सम्राटांनी ऐन वेळी मागे पाऊल टाकायचा प्रयत्न केला, आणि दोघांनाही त्यांच्याच खात्यांनी सांगितलं की मागे जायची वाट आपण आखलेलीच नाही.

इथे दोन दुखणी एकत्र आली होती. पहिल्याला अभ्यासक सुरक्षेचा पेच म्हणतात. हा शब्दप्रयोग जॉन हर्झ यांनी 1950 मध्ये रूढ केला. माझ्या रक्षणासाठी मी जे करतो, ते शेजाऱ्याला हल्ल्याची तयारी वाटतं. तो जे करतो ते मला. रॉबर्ट जर्व्हिस यांनी त्यात पुढे भर घातली: आधी हल्ला करणाऱ्याचा फायदा आहे असा समज असेल, आणि बचावाची तयारी हल्ल्याच्या तयारीहून वेगळी ओळखता येत नसेल, तर हा पेच सर्वांत घातक. 1914 मध्ये दोन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या. दुसरं दुखणं उद्याच्या बळाचं. रशियाचा लष्करवाढीचा मोठा कार्यक्रम 1917 मध्ये पुरा होणार होता. त्यानंतर रशिया आपल्याला दिलेला कुठलाही शब्द पाळील, असं बर्लिनमधल्या सेनापतींना वाटत नव्हतं. लढायचंच तर नंतरपेक्षा आत्ता, हा विचार तिथून येतो.

त्या चार दिवसांचा 'प्रवास' आपल्यापर्यंत पोचला. तेव्हाची 6 वी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) उतरली आणि कुत-अल-अमारा इथे डिसेंबर 1915 पासून जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आल्यावर घोड्यांचं आणि खेचरांचं मांस वाटलं गेलं. पुष्कळ हिंदी शिपायांना ते घशाखाली उतरेना. 29 एप्रिल 1916 ला सुमारे तेरा हजार जण तुर्कांच्या हाती लागले, आणि त्यातले कितीतरी परतले नाहीत. सातारा-रत्नागिरीकडच्या त्या शिपायांचं ऑस्ट्रिया-सर्बियाशी काही भांडण नव्हतं. कौटिल्याने क्षय-व्ययाच्या जोडीला प्रवास का लिहिला असेल, हे कुतचा वेढा वाचताना कळतं.

यातून निघणारा उपाय ऐकायला अगदी साधा आहे. वेळ वाढवायचा, आणि सराव व चढाई यांतला फरक दुरून ओळखता येईल अशी व्यवस्था आधीच करून ठेवायची.

क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उभ्या राहिलेल्या पेचप्रसंगात, ऑक्टोबर 1962 मध्ये, वेळेचा प्रश्न वेगळ्या रूपात आला. (त्याच दिवसांत, 20 ऑक्टोबरला, चिनी सैन्य आपल्या सीमेवर चालून आलं होतं.) 26 तारखेचं सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं लांबलचक पत्र वॉशिंग्टनला पुरतं पोचायला बारा तासांच्या आसपास लागले, आणि त्याला उत्तर ठरायच्या आत दुसरं, जास्त कडक पत्र येऊन धडकलं. म्हणून पुढच्या वर्षी, 30 ऑगस्ट 1963 पासून, वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाइन सुरू झाली. चित्रपटांनी ती लाल टेलिफोनची केली आहे. प्रत्यक्षात तो टेलिप्रिंटर होता, आणि हे मुद्दामच. आवाजात राग मिसळतो, दुभाषा घाईत चुकतो. लेखी मजकूर नीट भाषांतरित करता येतो, चार जणांना दाखवता येतो, उत्तरापूर्वी पाणी पिता येतं. निरोप लवकर पोचावा पण उत्तर सावकाश द्यावं, अशी ती रचना होती.

आता आपल्या अंगणात. 1986-87 च्या हिवाळ्यात भारताने राजस्थानात 'ब्रासस्टॅक्स' हा प्रचंड लष्करी सराव केला. पाकिस्तानला तो सराव वाटेना. त्याने आपली राखीव चिलखती दलं पंजाबसमोर सरकवली, आणि ती आपल्याला सराव वाटेनात. जानेवारी 1987 मध्ये युद्ध हातभर अंतरावर होतं. 4 फेब्रुवारीला टप्प्याटप्प्याने मागे सरकायचं ठरलं. त्या हिवाळ्यातून 6 एप्रिल 1991 चा करार निघाला, आणि त्यातले आकडे म्हणजे सुरक्षेच्या पेचाचं व्यवहारात केलेलं भाषांतर आहे. कोअर (काही डिव्हिजन मिळून होणारं मोठं दल) पातळीचा सराव सीमेपासून 45 किलोमीटरच्या आत नाही; डिव्हिजनचा 25 च्या आत नाही; 5 किलोमीटरच्या आत कसलीच लष्करी हालचाल नाही. सरावातल्या मुख्य दलाचं तोंड समोरच्या देशाकडे नको. डिव्हिजनच्या सरावाची सूचना तीस दिवस आधी, कोअरची साठ, त्याहून मोठ्याची नव्वद. त्याच दिवशीच्या दुसऱ्या करारानुसार लढाऊ विमानांनी समोरच्याच्या हवाई हद्दीपासून दहा किलोमीटर दूर राहायचं.

पंचेचाळीस किलोमीटर कशाला? रणगाड्यांना ते अंतर तोडायला वेळ लागतो, आणि ते तोडताना ते दिसतात. नव्वद दिवस आधी कळवलेला सराव हा सराव असतो. न कळवलेली हालचाल दिसली, तर तेवढ्यावरूनच प्रश्न विचारता येतो. करार विश्वासावर टेकलेला नाही. खोटं बोलणं महाग आणि उघड व्हावं, यावर टेकलेला आहे.

अशा कागदांत फटीही असतात. क्षेपणास्त्र-चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा 3 ऑक्टोबर 2005 चा करार फक्त बॅलिस्टिक, म्हणजे उंच फेकल्यासारखं जाऊन खाली येणाऱ्या, क्षेपणास्त्रांना लागू आहे. 9 मार्च 2022 रोजी भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून उडालं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ, शंभरहून अधिक किलोमीटर आत पडलं. ते क्रूझ जातीचं, म्हणजे विमानासारखं उडत जाणारं, होतं. त्यावर स्फोटक नव्हतं, आणि समोरून प्रत्युत्तर आलं नाही, हे नशीब. भारताने जाहीर खुलासा दोन दिवसांनी केला. 'चाचणी' या शब्दाभोवती बांधलेला करार 'चूक' या शब्दाला पुरत नाही, आणि क्रूझ क्षेपणास्त्रं त्यात आणायला हवीत, असं मला ठामपणे वाटतं.

चीनबरोबरचा 29 नोव्हेंबर 1996 चा करार प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार आणि स्फोट यांना मनाई करतो. त्यातच एक कलम सांगतं, की कराराची पूर्ण अंमलबजावणी ताबारेषा नेमकी कुठे आहे यावर एकमत होण्यावर अवलंबून आहे. ते एकमत झालंच नाही. मधल्या क्षेत्राच्या नकाशांची देवघेव झाली. पश्चिम, म्हणजे लडाखच्या, क्षेत्राच्या नकाशांवर गाडं अडलं. 15 जून 2020 ला गलवानमध्ये वीस भारतीय सैनिक मारले गेले, आणि बंदुकीची गोळी सुटली नाही. दगड, लोखंडी गज, खिळे ठोकलेले सोटे. करार पाळला गेला आणि माणसं गेली. मोजायची रेषाच ठरलेली नसेल तर दोन किलोमीटर कुठून मोजायचे?

आता सर्वांत अवघड गोष्ट. वर सांगितलेलं सगळं चुकून होणाऱ्या युद्धावरचं औषध आहे. ठरवून केलेल्या युद्धावर ते चालत नाही. युरोपात जगातली सर्वांत बारकाईची पूर्वसूचनेची व्यवस्था होती: नऊ हजार किंवा त्याहून जास्त सैनिकांचा सराव असेल तर बेचाळीस दिवस आधी कळवायचं. पण स्वतःच्या सैन्यालाही आधी न सांगता घेतलेल्या 'अचानक' सरावाला पूर्वसूचनेतून सूट होती, आणि रशियाने ती वर्षानुवर्षं वापरली. 11 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनने त्याच व्यवस्थेनुसार सैन्याच्या जमवाजमवीचा खुलासा अठ्ठेचाळीस तासांत मागितला. उत्तर आलं नाही. 24 तारखेला हल्ला झाला. त्या न आलेल्या उत्तरातच निदान होतं: घाबरलेला देश खुलासा करतो, कारण समोरच्याची भीती कमी होण्यात त्याचाही फायदा असतो.

त्याच्या मागे 5 डिसेंबर 1994 चा बुडापेस्टचा कागद होता. युक्रेनने आपल्या भूमीवरची सुमारे 1,900 दूर पल्ल्याची अण्वस्त्रं सोडली. बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा मान राखण्याचा शब्द दिला. शब्द मोडला तर काय? सल्लामसलत करायची, आणि अण्वस्त्रांचा धाक असेल तर सुरक्षा परिषदेकडे जायचं, जिथे रशियाला नकाराधिकार आहे. आचार्यांच्या भाषेत हा चल संधी: शपथ होती, जामीन कोणी नव्हता.

म्हणून सिद्धांताचा खरा उपयोग निदानापुरता, पण तो मोठा आहे. समोरचा घाबरून हालचाल करतोय, की हाव धरून? घाबरलेल्याला धाक दाखवला तर 1914 होतं. हाव धरलेल्याला सवलत दिली तर 1938 चं म्युनिक होतं, जिथे चेकोस्लोव्हाकियाचा लचका देऊनही हिटलर थांबला नाही. एकाचं औषध दुसऱ्याला विष. बाहेरून दोघंही सारखेच दिसतात, दोघंही 'आम्ही बचाव करतोय' म्हणतात, म्हणून बोलण्याकडे कान देऊन भागत नाही. जे खोटं करायला महाग पडतं तिकडे पाहावं लागतं. सैनिकांच्या रजा रद्द झाल्या का, सीमेजवळ रक्ताचा साठा आणि शस्त्रक्रियेचे तंबू आले का, राजदूतांची कुटुंबं परत गेली का. आणि उलट बाजूने: मागे नेलेला तोफखाना परत आणायला किती दिवस लागतील. दूरचित्रवाणीवर सीमेवरच्या तणावाची चर्चा तासन् तास चालते. या प्रश्नांपैकी एकही त्यात ऐकू येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

निदान अचूक असूनही औषध हाती नसतं, असंही होतं. सियाचिनच्या हिमनदीवर भारताने एप्रिल 1984 मध्ये ताबा घेतला, आणि तेव्हापासून तिथे दोन्ही देशांचं सैन्य आहे. 1989 मध्ये आणि 1992 मध्ये दोन्ही देश मागे सरकण्याच्या अगदी जवळ आले होते. तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने आणि हिमकड्यांनी जास्त माणसं मारली: 7 एप्रिल 2012 ला गयारी इथे पाकिस्तानची सुमारे 140, 3 फेब्रुवारी 2016 ला सोनम चौकीवर आपले दहा जवान. नोव्हेंबर 2003 पासून तिथे तोफा शांत आहेत. दोघांचाही क्षय आणि व्यय इतका, की तडजोडीची पट्टी भरपूर रुंद आहे. माहितीचीही अडचण नाही. कोण कुठे बसलं आहे हे दोघांनाही मीटरमध्ये ठाऊक आहे.

अडतं ते उद्यावर. आपण साल्तोरोच्या धारेवरून, म्हणजे आपल्या चौक्या असलेल्या सियाचिनलगतच्या डोंगररांगेवरून, उतरलो आणि मग समोरचा चढून बसला, तर ती उंची परत घेणं जवळजवळ अशक्य. कारगिलनंतर ही शंका वेडगळ म्हणता येत नाही. म्हणून भारत म्हणतो, आधी आज जिथे चौक्या आहेत ती सुमारे 110 किलोमीटरची रेषा नकाशावर आखा, तिच्यावर सही करा, मग उतरू. पाकिस्तान म्हणतो, सही केली तर 1984 चा भारताचा ताबा मान्य केल्यासारखं होईल. कॅमेरे, संवेदक, उपग्रहाची छायाचित्रं, सामायिक हवाई पाहणी, सगळं सुचवून झालं आहे आणि ते करता येण्याजोगं आहे. तेवढी सही व्हायची आहे.